बिनपंख्याचं पापडघर

गॅसवर दूध, नळाला पाणी, आणि आमचे हे तोंडाला दाढीचा साबण फासून घरभर आरसा शोधताहेत, अशी ती मे महिन्यातली सकाळ होती. साल १९९९. हे हिंगणीच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. शाळेला सुट्टी लागली की सर घरी, आणि सर घरी असले की घरात एक पोर वाढतं. तेवढ्यात दारावर थाप पडली. एकच, पण अशी की कडी आतल्या आत नाचली. अख्ख्या गावात अशी थाप एकाच हाताची होती.

"या काकू, उघडंच आहे," मी ओट्यापासूनच म्हणाले.

शकुंतलाबाई आत आल्या, पण बसल्या नाहीत. पदराने मान पुसली आणि थेट विचारलं, "मीरा, तुह्याकडे जुनी लुगडी किती हायेत?"

"लुगडी कुठली काकू, साड्या आहेत."

"त्याच. किती?"

"बोहारीण आलीय का? काय घेताय, डबा की परात?"

"घर बांधाचं हाये," त्या म्हणाल्या.

तिकडे दूध उतू गेलं.

"साड्यांचं घर?" यांनी साबणाच्या फेसातून विचारलं.

"हो जी सर. पह्यले लुगड्याचं, मंग विटाचं. तुमचं एखांदं धोतर असन तं तेही चालन."

यांनी धोतर जन्मात एकदाच, लग्नात नेसलं होतं. तेवढं सोडून बाकी काय हवं ते न्या, असं सांगून हे पुन्हा आरशाच्या मागे लागले. मी सात साड्या दिल्या. काकूंनी त्या उजेडात धरून पाहिल्या. "हे पातळ हाये वं, याच्यातून ऊन येते," म्हणून एक परत केली आणि सहा काखोटीला मारून पुढच्या घराची कडी नाचवायला गेल्या.

शकुंतलाबाई म्हणजे बसथांब्याजवळ सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं, दुकान आहे ना, त्या नानाजींची बायको. माहेर सेलूचं, शिक्षण चौथी, लग्न सोळाव्या वर्षी. तेव्हा वय अठ्ठावन्न. हाताला जे बळ होतं ते उडदाच्या पिठाचं. पापडाचं पीठ दगडावर ठेवून मुसळाने तास तास कुटावं लागतं. चाळीस वर्षं ते केल्यावर हात दारावर पडला काय आणि माणसाच्या पाठीवर पडला काय, कळतंच.

त्यांची एक खोड होती. कुणाच्याही घरी गेल्या की बोलता बोलता हळूच तळवा भिंतीला लावायच्या. वैद्य नाडी बघतो तशा. मग निकाल. "तुह्या सैपाकघराची भित आगलावी हाये." "कोकिळाच्या माजघराची भित माहेरासारखी हाये, बसलं का उठू वाटत नाई." गावातली कुठली भिंत दुपारी किती तापते हे त्यांना जितकं ठाऊक होतं, तितकं त्या भिंतीच्या मालकाला नव्हतं. आणि हे ठाऊक असणं हौसेचं नव्हतं, कामाचं होतं.

तेवढं नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. उडदाच्या पापडाला वारा चालत नाही. पंखा लावला की लाटीवर कवच धरतं, लाटताना कडा फाटतात, पीठ उडतं ते वेगळंच. बरं, पंख्याऐवजी कूलर लावावा, तर ओलसर हवेत पापड वाळत नाही. दोन दिवसांत त्याला वास येतो. म्हणजे फेब्रुवारी ते मे, पापडाचा ऐन हंगाम, आणि आमच्याकडचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या खाली उतरला तर लोक एकमेकांना सांगतात. अशा उन्हात बारा बायांनी दिवसभर लाटत बसायचं, पण पंखा नाही आणि कूलरही नाही. मग जागाच थंड हवी.

ती जागा तीन वर्षं होती. नानाजींचं गोदाम. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं, उंचावर दोन झरोके. काकूंनी तिथे कोकिळा, प्रमिलाबाई, नलू अशा स्वतःसकट बारा जणी जमवल्या आणि पापड सुरू केले. हिंगणीहून वर्ध्याच्या दुकानांत जायचे, आणि बोर धरण पाहायला येणारी माणसं वाटेत थांबून न्यायची. नलू नवऱ्याला न विचारता मुलीला सायकल घेऊन आली, त्या दिवशी बाराही जणींनी ती सायकल गोदामासमोर फिरवून पाहिली होती. पडल्या चौघी.

मग सोयाबीन आलं. आधी शेतात, मग नानाजींच्या डोक्यात.

"दसऱ्याले माल येते. तवापर्यंत गोदाम खाली पाह्यजे," नानाजींनी जेवताना सांगितलं.

"आन आम्ही कोठी बसाचं?"

"घरी बसा ना. बाकी बाया घरीच बसतेत."

यावर काकूंनी नानाजींच्या ताटात आणखी एक भाकर वाढली आणि म्हणाल्या, "खाली करतो. दसऱ्याच्या आधी करतो. मंग तुमच्या सोयाबीनचे पापड लाटजा तुम्ही."

बोलून बसल्या खऱ्या. आता जागा शोधायची होती. ग्रामपंचायतीने धरणाच्या रस्त्यालगत एक तुकडा दिला. सपाट, एक झाड नाही. बांधकामाचा खर्च वर्ध्याच्या एका संस्थेने उचलला, आणि संस्थेनेच इला नावाची एक पंचवीस वर्षांची मुलगी पाठवली. ती आर्किटेक्ट होती. गावाला आधी वाटलं नर्स आहे, कारण आल्या आल्या तिने पिशवीतून तीन थर्मामीटर काढले आणि गोदामात टांगले. एक खाली, एक मध्ये, एक कवेलूंजवळ.

"गोदामाले बुखार आला काय?" नानाजींनी दुकानातून विचारलं.

"बुखार बाहेरच्याले हाये, आतला चांगला हाये, तेच पाहून राह्यली ते," काकूंनी ऐकवलं.

इला दोन दिवस कोपऱ्यात बसून नुसती बघत होती. कोण कुठे बसतं, कोण किती वेळा उठतं, परात कोण उचलतं. दुसऱ्या दिवशी तिच्याही हातात लाटणं दिलं. तिचा पापड पाहून प्रमिलाबाई म्हणाल्या, "हा महाराष्ट्राचा नकाशा झाला बाप्पा." पण पोरगी हसली, आणि तिथून ती आमची झाली.

भांडण झालं ते तिने खरा नकाशा आणला तेव्हा.

रस्ता प्लॉटच्या पश्चिमेला. इलाने इमारत अशी काढली होती की लांब बाजू उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे, तिथेच दारं-खिडक्या आणि पडव्या. रस्त्याकडे अरुंद बाजू, आणि त्या भिंतीत काही नाही. ना दार, ना खिडकी. कोरी भिंत.

काकूंनी कागद इकडून पाहिला, तिकडून पाहिला. "हे तं रस्त्याले पाठ करून बसली!"

"पश्चिमेचं ऊन आत यायला नको ना, काकू."

"पोट्टी, दुकानाचं तोंड रस्त्याले असते. माह्या सासऱ्याच्या दुकानाचं होतं, नानाजीच्या दुकानाचं हाये. गिऱ्हाईक मोटारीतून येईन तं त्याले पाठ दाखवाची काय? तोंड रस्त्याले पाह्यजे. दार तिकडं, खिडक्या तिकडं, वर पाटी."

"पण दुपारी तीनला..."

"कागदावर कायचं ऊन पडते वं?"

इथे गंमत बघा. जी बाई गावातल्या प्रत्येक भिंतीचा ताप हाताने सांगायची, ती स्वतःच्या इमारतीच्या वेळी हात मागे बांधून बसली. पण व्यापाऱ्याच्या घरात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला विचारा: इमारत म्हणजे काय? तर रस्त्याकडे तोंड असलेली ती इमारत. बाकीचं ते गोठा.

इला भांडली नाही. तिने दुसऱ्या दिवशी चुन्याची फक्की आणली. "काकू, कागदावर ऊन पडत नाही, बरोबर आहे. मग जमिनीवर काढू. तुमच्या मनासारखी, खऱ्या मापाची. साड्यांच्या भिंती लावू. एक दिवस तिथे बसून लाटा. तुम्हाला चाललं तर तशीच बांधू."

म्हणून ती सकाळची थाप, आणि म्हणून माझ्या सहा साड्या.

तानबा गवंडी बांबू घेऊन आला. त्याच्याकडे काम होतं तरी तो सगळ्यांत जास्त हसत होता. फक्कीने जमिनीवर भिंती आखल्या, बांबू रोवले, सुतळी बांधली, आणि गावभराच्या साड्या चढल्या. वर मांडवाचं जाड कापड. पश्चिमेकडे, रस्त्याच्या बाजूला, मोठं दार आणि तीन खिडक्यांची भोकं. धरणाकडे जाणाऱ्या दोन गाड्या लग्न समजून थांबल्या. एका माणसाने तर जेवण कधी आहे विचारलं.

आता इथे जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. इला चहा प्यायला माझ्याकडे आली होती. तेवढ्या वेळात काकूंनी त्या साड्यांच्या घराची पूजा उरकली. चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू, उंबरठ्याच्या फक्कीवर तांदळाची रास, आणि दारात तानबाच्या हातून नारळ. इला परत आली तर तिच्या हातावर खोबरं.

"काकू, ही नुसती चाचणी आहे!"

"असू दे ना. बिनापूजेच्या घरात पोळपाट ठेवत नाईत."

बारा वाजता बारा जणी आत बसल्या. काकू सगळ्यांत पुढे, दाराच्या तोंडाशी, मालकिणीसारख्या. मी साड्यांची मालकीण म्हणून मागे होते. तासभर बरं चाललं. एक वाजला आणि दारातून उन्हाची एक पट्टी आत आली. इलाने मुकाट्याने तिच्या कडेने फक्कीची रेघ मारली. नलूने पोळपाट उचलला, दोन हात मागे सरकली. अर्ध्या तासाने पट्टी पुढे आली, दुसरी रेघ. प्रमिलाबाई सरकल्या. खिडक्यांमधूनही तुकडे पडायला लागले, आणि बाया त्यांच्या मधल्या सावल्या धरत धरत मागे जायला लागल्या, लहानपणी आम्ही ठिकरीच्या चौकटींत खेळायचो तशा. मग रस्त्यावरून लू आली, तापलेल्या वाऱ्याची. साड्या फुगल्या. माझी निळी साडी सुटून तानबाच्या डोक्यावर गेली.

तीन वाजता चित्र असं होतं: अकरा बाया पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून, गुडघ्याला गुडघा, पोळपाटाला पोळपाट, आणि समोर सगळ्या मोकळ्या उन्हात एकट्या शकुंतलाबाई, ताठ बसून लाटताहेत.

"काकू, मांगं या ना जी," कोकिळा म्हणाली.

"मले काई होऊन नाई राह्यलं."

"तुमचे पापड तं लाटता लाटताच भाजून निघून राह्यले. आमाले निखारे लावाचं कामच नाई."

हसू आवरेना. काकूंनी पुढची लाटी घेतली. लाटणं फिरलं आणि पापडाची कड चर्र फाटली. दुसरी घेतली, तीही. तिसरी घेतली, तिच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि परत ओल्या फडक्याखाली ठेवून दिली. जमिनीवर इलाच्या फक्कीच्या पाच रेघा होत्या, तेवढंच. काकू उठल्या, पदर झटकला आणि घरी गेल्या.

"फिरवाची का मंग इमारत?" तानबाने विचारलं.

"कशी फिरवतो रे?" प्रमिलाबाई दचकल्या. "नारळ फुटला ना इथं. वास्तू झाली. आता भित हलवली तं ते लागन आपल्याले."

झालं. पूजा झालेली इमारत चुकीची, आणि बरोबर इमारत बिनपूजेची. दोन दिवस साड्या तशाच उभ्या. गाईंना हाकलायला पाळीपाळीने माणूस. नानाजींनी दुकानातून फर्मावलं, "लुगड्याची वास्तू हाये. धुऊन टाका, झाली मोकळी." पण ते काकूंच्या कानावर घालायची कुणाची छाती नव्हती. काकू तर मुलीकडे, प्रेरणाकडे समुद्रपूरला निघून गेल्या होत्या. इलाने मला विचारलं, "मी त्यांना दुखावलं का?" मी म्हटलं, "तू नाही गं. लाटीने दुखावलंय. जरा थांब."

तिसऱ्या दिवशी मी वर्ध्याला गेले होते. परतीच्या बसमध्ये काकू भेटल्या. खिडकीशी बसलेल्या, तोंड बाहेर. मी शेजारी बसले. सेलू गेल्यावर म्हणाल्या, "बारा बायाचं पोट हाये वं त्या जागेवर. म्या माह्या पाटीपायी त्याहिले उन्हात बसवून राह्यलतो."

हिंगणी जवळ आलं. बसथांब्याच्या जरा अलीकडे एक मोठी भिंत दिसली, तिच्यावर पांढऱ्या रंगात हातभर अक्षरं.

"काय लिहलं हाये वं ते?" काकूंनी विचारलं.

"कपाशीच्या बियाण्याची जाहिरात आहे. रोज तर बघता."

"भित कोणाची हाये?"

"काय काकू, तुमच्याच गोदामाची. आतून ओळखता तुम्ही ती, ही मागची बाजू."

"मांगची?" त्या उठून उभ्याच राहिल्या. "पाठ हाये ते त्याची?"

"पाठच."

"अन् हे सारी बस वाचून राह्यली तिले!" मग त्यांनी कंडक्टरला जी हाक मारली तिच्याने पुढच्या सीटवर कुणाच्या तरी टोपलीत झोपलेली कोंबडी जागी झाली. "थांबव गा भाऊ, मले येथीच उतराचं हाये!"

प्लॉटवर पोचल्या तेव्हा मी मागून पळत होते. काकूंनी स्वतःच्या हाताने कोपऱ्यातला पहिला बांबू उपटला. "फिरवा," म्हणाल्या. "रस्त्याले पाठच राहू दे. पण त्या पाठीवर लिहा. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. माणसायेवढी अक्षरं. खिडकी नाई, दार नाई, तं लिहाले जागाच जागा हाये."

इला दोन्ही हात डोक्याला लावून उभी राहिली. "मी अठरा नकाशे काढले काकू, आणि हे मला सुचलं नाही."

"तुह्या बापाचं दुकान नाई ना," काकू समजुतीने म्हणाल्या.

"आन पूजेचं?" प्रमिलाबाईंनी हळूच विचारलं.

"देवाले म्या बसमंधीच सांगून टाकलं. ती शिकाऊ पूजा होती. सायकल शिकताना पडतो का नाई आपण?"

फिरवलेल्या साड्यांच्या घरात पुन्हा एक दिवस बसलो. त्या दिवशी उन्हाची पट्टी आतच आली नाही. तीन वाजता बायांनी आपणहून पोळपाट इकडे-तिकडे पसरून ठेवले होते. त्याच दिवशी कोकिळा डोक्यावर परात घेऊन दारातून निघाली आणि परात वरच्या सुतळीत अडकून पिठासकट खाली आली. इलाने कोकिळाला परातीसकट उभं केलं आणि टेपने मोजलं. म्हणून पापडघराची दारं साडेसात फूट उंच आहेत. वर्ध्याहून आलेला एक साहेब पुढे म्हणाला होता, आमच्या ऑफिसलाही एवढं दार नाही. काकू म्हणाल्या, "तुमच्याकडे परात घेऊन कोण येते जी?"

बांधकामात तानबा भांडला. इलाने विटा उभ्या लावायला सांगितल्या, आत पोकळी राहील अशा. ती पोकळी उन्हाला अडवते म्हणे. तानबा हातातली करणी, म्हणजे थापी, खाली टाकून उभा. "पोकळ भित? उंदराले फुकटात घर बांधून देऊन राह्यले काय?" इलाने त्याला समजावलं, मग काकूंनी समजावलं, म्हणजे कसं ते विचारू नका. कवेलूंचे दोन थर, मध्ये बांबू. दोन्ही बाजूंना पाच फुटांची पडवी. आणि एका टोकाला कोठीवर सपाट गच्ची, पापडाला शेवटचं ऊन दाखवायला. तिच्या पायऱ्या इतक्या बसक्या की परात घेऊन चढताना गुडघा बोलत नाही.

राहिली माकडं. बोरच्या जंगलातून वानरांची टोळी येते, आणि तिला मूग आणि उडीद यांतला फरक आमच्यापेक्षा चांगला कळतो. गच्चीवर राखण हवी. त्याच सुमारास काकूंच्या मुलाने, हेमराजने, दुकान हातात घेतलं आणि नानाजी रिकामे झाले. इलाने गच्चीच्या कोपऱ्यात एका माणसापुरती, छपराची, तीन बाजूंनी जाळीची चौकी काढली. नकाशात तिच्यावर 'राखण' असं लिहिलं होतं. काकूंनी आमच्या यांच्याकडून ते खोडून 'नानाजी' असं लिहवून घेतलं.

"येवढ्या मोठ्या व्यापाऱ्याले वांदरं राखाले बसवतेस?" नानाजी म्हणाले.

"घरी बसा ना मंग. बाकीचे घरीच बसतेत."

गच्ची तयार झाली त्या दिवसापासून नानाजी तिच्यावर. सोयाबीन गोदामात गेलं दसऱ्यालाच, शब्दाला शब्द. बायांचं सामान तोवर काकूंच्या माजघरात राहिलं, आणि दोन हजारच्या संक्रांतीला पापडघर उघडलं. पाठीच्या भिंतीवर 'पापडघर' अशी माणसाएवढी अक्षरं, रस्त्याच्या दूरच्या वळणावरूनच वाचता येणारी. त्या मेमध्ये इला पुन्हा थर्मामीटर घेऊन आली. बाहेर सेहेचाळीस होतं तेव्हा आत साडेचौतीस. तिने आकडा वाचून दाखवायच्या आधी काकूंचा तळवा भिंतीवर होता. "माहेर," त्या म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

इथवर सगळं गोड. त्रास पुढे सुरू झाला, आणि तोही चांगल्या माणसांचा.

इमारतीचा फोटो कुठेसा छापून आला. मग नागपूरहून आर्किटेक्चरची मुलं बस भरून यायला लागली, मग संस्थांची माणसं, मग निवृत्त साहेब लोक. भिंती ठोकून बघायचे, कवेलू मोजायचे, दाराखाली उभे राहून फोटो काढायचे. आणि निघताना प्रत्येकाचं लक्ष वर जायचं. "अरेरे, या उन्हात पंखाही नाही!" सांगून उपयोग नव्हता. पंखा नाही म्हणूनच हे असं बांधलंय, हे इला सांगायची, मी सांगायचे; माणसं मान डोलवायची आणि पुढच्या आठवड्यात पंखा पाठवायची. एका बँकेने दोन दिले. एका मंडळाने फीत कापून एक दिला. कुणीतरी आईच्या स्मरणार्थ दिला, त्याच्या पात्यावर आईचं नाव होतं.

आणि काकूंना नाही म्हणता येईना. आमच्याकडे दिलेली वस्तू परत करत नाहीत, त्याने देणाऱ्याचा हात खाली होतो. विकतही नाहीत. मग पंखा घ्यायचा, कुंकू लावायचं, पापडाचं पुडकं द्यायचं आणि खोकं कोठीत. एक शाळेत गेला, एक देवळात, एक कोकिळाच्या मुलीच्या रुखवतात. तरी कोठीत खोकी उरलीच. नानाजी चौकीत दोन खोकी एकावर एक ठेवून बसायचे. उंचावरून वानरं लवकर दिसतात म्हणे.

हे असं चाललं असतं. पण यंदा, २००६ च्या एप्रिलमध्ये, एक निवृत्त इंजिनियर बायकोला घेऊन आले. फार भले गृहस्थ. मागच्या खेपेला पाहून गेले होते, आणि आता पंख्यासोबत वायरमनही घेऊन आले. "मला कळलंय, तुम्ही संकोचाने लावत नाही," असं म्हणून त्यांनी स्वतः शिडी धरली. बाया एकमेकींकडे बघतात, एकमेकींना कोपर मारतात, पण पाहुण्याला कोण बोलणार? सेलूच्या एका लग्नाची ऑर्डर होती, दुसऱ्या दिवशी द्यायची, आणि मधल्या पाटावर तीनशे लाट्या तयार होत्या. वायरमनने बटण दाबलं. पीठ उडालं ते इंजिनियरांच्या बायकोच्या काळ्या साडीवर. लाटलेले पापड पानांसारखे उठले, दोन तर दारातून बाहेर गेले, तिथे एक वानर वाटच बघत होतं. फडकी धरा, लाट्या झाका, असा ओरडा. ते गृहस्थ खाली हात जोडून उभे, चेहऱ्यावर समाधान. "आता कसं गार वाटतं ना?"

काकूंनी त्यांना कुंकू लावलं, पुडकं दिलं, पाणी दिलं, फाटकापर्यंत सोडलं. गाडी वळली तशा आत आल्या, बटण बंद केलं आणि कवच धरलेल्या तीनशे लाट्या पुन्हा मुसळाखाली घातल्या. दिवेलागणीपर्यंत बारा जणी कुटत होत्या. काकूंचं वय आता पासष्ट. मनगटाला फडकं बांधून कुटत होत्या.

मी हे लिहायला घेतलंय असं काकूंना आमच्या यांनी सांगितलं. परवा मी पापडघरात गेले तर मला म्हणाल्या, "माह्याबद्दल लिहून राह्यली म्हणे?"

"हो काकू. काय लिहू सांगा."

"माह्याबद्दल काय लिहतं? आई चांगली होती, बाप चांगला होता, बुढा चालते." वरून गच्चीतून खोकल्याचा आवाज आला. त्यांनी लाटणं थांबवलं. "लोकं वाचतीन काय हे?"

"वाचतील."

"ते पाहाले येणारेही?"

"तेही वाचतील."

"मंग एक लिहजो. म्या कोणाले तोंडावर म्हणू नाई शकत, तू लिहजो. इमारत पाहाले खुशाल या, कधीही या. पण येताना पंखा आणू नका."